ताटातल्या पाच चकत्या

सप्टेंबरच्या मध्यावर देशातली सर्वांत वरची फुटबॉल लीग सुरू झाली, तोवर आमच्या पाड्यातल्या सगळ्या घरांची नवाई होऊन गेली होती. राहिलं होतं फक्त आमचं घर.

नवाई म्हणजे काय, हे आमच्या अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका मला दर वर्षी विचारतात आणि दर वर्षी विसरतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. शेतात जे नवं येतं, मका, काकडी, शेंगा, पालेभाजी, ते आधी देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना द्यायचं. हे काम घरच्या कर्त्या पुरुषाचं. त्यानं एकेकाचं नाव घ्यायचं, सर्वांत जुन्यापासून सुरुवात करून शेवटच्यापर्यंत. त्यानंतरच घरातल्यांनी नव्याला तोंड लावायचं. तोवर गेल्या वर्षीचा मका, गेल्या वर्षीची डाळ, कांदे-बटाटे. म्हसावदच्या बाजारातली नवी भाजीसुद्धा चालत नाही. पर्यवेक्षिका म्हणतात, "अगं पण बाजारातली तर कुणाच्या तरी शेतातलीच ना?" मी म्हणते, "हो मॅडम," आणि रजिस्टर पुढे करते.

आमच्या घरात या वर्षी यादीच्या शेवटी नवं नाव होतं. बाज्या. माझा बाप.

बा आषाढात गेला. मक्यात कोळपं चाललं होतं. छातीत कळ आली म्हणून बांधावर बसला आणि बसल्या जागीच गेला. माझा भाऊ गोकुळ तेव्हा कोलकात्याला होता, क्लबच्या सराव शिबिरात. हावड्याकडून नंदुरबारला गाडी येते, पण ती काही उडत येत नाही. तो पोचला तेव्हा राख गार झाली होती. तीन दिवस राहिला. बाच्या खाटेवर बसून बाच्या चपलांकडे बघत राहिला आणि चौथ्या दिवशी परत गेला. तो रडला नाही. मीही नाही. माय तर नाहीच. पाड्यातल्या बायांनी आमच्या वाटचं रडून घेतलं.

मला वाईट वाटत नव्हतं, हे सांगितलं तर लोक तोंडाकडे बघतात, म्हणून मी सांगत नव्हते. खरं तर काहीच वाटत नव्हतं. अंगणवाडीत खिचडीत दोनदा मीठ घातलं, मुलांनी थू थू केलं, तेव्हा मी चमचाभर तोंडात घालून बघितलं. मला ती बरी लागली. म्हणजे खारटही लागली नाही आणि अळणीही. मदतनीस सरलाबाई म्हणाली, "रिना, तू आते चाखू नको वं." त्यानंतर चाखायचं काम तिच्याकडे गेलं.

घरातही तसंच. चौघांतलं एक माणूस कायमचं गेलं, एक कोलकात्याला, मी कामावर, आणि माय दिवसभर ओट्यावर. घर फार शांत झालं होतं. पूर्वी कुणी बाहेरून "बाज्या" अशी हाक मारली की बा घरात असो, गोठ्यात असो, तोंडात घास असो, "उनू!" म्हणायचा. आलोच. आणि यायचा मात्र पंधरा मिनिटांनी. हाक मारणाऱ्यांना हे माहीत होतं, ते निवांत विडी पेटवून बसायचे. आता हाक मारायला कुणी येत नव्हतं.

माझा काका वीरसिंग, बाचा धाकटा भाऊ, तीन घरं सोडून राहतो. तो वेगळा निघालेला, त्याची नवाई त्यानं भादव्यातच केली. नंतर तो दर दोन दिवसांनी यायचा आणि ओट्याखाली उभा राहायचा.

"वहिनी, मी करी देस ना तुन्हा घरनी नवाई. मन्हा भाऊच व्हता ना तो."

"गोकुळ येई," माय म्हणायची.

"कव्हय येई? मका वाळी चालना."

"येई."

दोन महिन्यांत माय जे काही बोलली त्यातलं निम्मं हेच. मी तिच्याशी वाद घातला नाही. वाद घालायला आधी काहीतरी हवं असावं लागतं.

पण गोकुळला सुटी नव्हती. लीगचा पहिला महिना. डाव्या बाजूच्या बचावासाठी क्लबकडे दोघं होते, आमचा गोकुळ आणि एक मिझोरामचा. पहिल्या महिन्यात जो जागा धरेल तो वर्षभर खेळेल, दुसरा पाणी वाटेल, असं काकानं मला समजावलं. काकाला तीन वर्षांपूर्वी फुटबॉलला किती माणसं लागतात हेही माहीत नव्हतं. गोकुळ वरच्या लीगमध्ये गेल्यापासून तो प्रशिक्षकाच्या चुका काढतो.

पहिला सामना शनिवारी पाच वाजता होता. काकाच्या घरी टीव्ही, म्हणून अर्धा पाडा तिथे. गोकुळ दिसला तो राखीव खेळाडूंच्या रांगेत, खुर्चीवर, पिवळी बंडी घालून. कॅमेरा त्याच्यावरून सरकत गेला तेव्हा बाया ओरडल्या, आणि तो पुन्हा काही दिसला नाही. मिझोरामचा पोरगा नव्वद मिनिटं पळला. आपला संघ हरला. घरी आले तर माय ओट्यावर होती.

"दिखना का?" तिनं विचारलं.

"दिखना. बठेल व्हता."

एवढंच. मायनं मान हलवली, जणू बसलेला असणं हे बरंच आहे.

तो रविवारी फोन करायचा. आमचं बोलणं ठरलेलं.

"जेवना का?"

"जेवनू. तुम्ही?"

"जेवनूत."

"माय?"

"बरी शे."

फोन ठेवल्यावर पडद्यावर वेळ दिसायची. अकरा सेकंद. कधी बारा. आम्ही दोघं लहानपणी एका गोधडीत भांडलेलो, एका गोफणीसाठी एकमेकांचं डोकं फोडलेलं. आता बारा सेकंदांतसुद्धा मधे गप्प बसायला जागा उरायची.

दुसरा सामना गोव्यात झाला. पुन्हा खुर्ची, पुन्हा पिवळी बंडी. आणि त्यानंतरच्या बुधवारी क्लबनं फोनवर एक व्हिडिओ टाकला, पोरं दुपारी काय जेवतात त्याचा. वाजंत्री लावलेली, पोरं हसताहेत, कुणी अंगठा दाखवतोय. एका टेबलाच्या टोकाला गोकुळ. तो हसत नव्हता, पण मी ते पाहिलं नाही. मी त्याचं ताट पाहिलं. भात, डाळ, अंडी. आणि काकडीच्या चकत्या. व्हिडिओ थांबवून मी मोजल्या. पाच.

मी कुणाला बोलले नाही. पण तो व्हिडिओ काकाच्या फोनवरही आलेला, आणि काकाचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. संध्याकाळपर्यंत पाड्याला कळलं की बाज्याच्या पोरानं बापाच्या आधी काकडी खाल्ली. विहिरीवर एक जण म्हणाली, "शहरनं पानी लागनं त्याले." मी हंडा भरला आणि निघाले. राग यायला हवा होता. मी वाटेत थोडी थांबलेसुद्धा, येतोय का बघायला. आला नाही. फक्त एवढं झालं की पुढच्या रविवारी मी "जेवना का" विचारलं नाही.

"खेळना का?" मी विचारलं.

"नही."

सात सेकंद.

तिसऱ्या सामन्याला तर तो खुर्चीवरही नव्हता. काकानं सगळ्या रांगा शोधल्या, पडद्याला नाक लावून. लीगच्या तक्त्यात क्लब खालून दुसरा. "पहिला महिनाना तक्ता गनतीमां नही ऱ्हास," काकानं जाहीर केलं, पण त्याचा आवाज पडला होता. निघताना तो मला म्हणाला, "तुन्ही मायले सांग, मी उद्या करी टाकस नवाई. पोऱ्यानी वाट देखीसन काही फायदा नही आते."

मी मायला सांगितलं. आणि त्या दिवशी, का कोण जाणे, व्हिडिओचंही सांगितलं. काकडीचं. पाच चकत्या. 

"खाताना देखा का तू?"

"ताटमां व्हत्यात ना."

"खाताना देखा का?"

"नही."

"गोकुळ येई," माय म्हणाली आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

मला वाटलं, म्हातारीचं डोकं चाललं आता.

ऑक्टोबर लागला. बाकीच्यांचे मके खुडून झाले, आमचं शेत तेवढं उभं. दाणा टणक झाला. पोपटांना आमचे नियम लागू नाहीत, त्यांनी वरच्या वाफ्याची नवाई कधीच उरकली होती. अंगणवाडी सुटली की मी माळ्यावर जाऊन बसायची. चार खांबांवर बाजेएवढा माळा, बानंच बांधलेला. तिथून गोफण चांगली चालते आणि फोनला रेंजही तिथंच येते. खांबांवरून काकडीचा वेल चढलेला. दर वर्षी बा तो मुद्दाम लावायचा, वर बसल्या बसल्या हाताशी काकडी यावी म्हणून. या वर्षीही त्यानंच लावला होता, जाण्याआधी पंधरा दिवस. काकड्या लोंबत होत्या, काही पिवळ्या पडून फुटायला आलेल्या. मी त्यांच्यामध्ये रोज दोन तास बसत होते आणि मला कधी खावंसं वाटलं नव्हतं. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मला काहीच खावंसं वाटत नव्हतं.

चौथा सामना शनिवारचा, पाचचा. मी काकाकडे गेले नाही. माळ्यावर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. गोकुळ पुन्हा खुर्चीवर आला होता, एवढं दिसलं. मग पोपटांचा थवा उतरला, मी दोन दगड भिरकावले, ते उडाले आणि शेजारच्या तुरीत बसले. मध्यंतरानंतर पंधराएक मिनिटं झाली असतील. मिझोरामचा पोरगा पाय धरून खाली बसला. समालोचक हिंदीतून काहीतरी जोरात बोलायला लागला, आणि कडेला गोकुळ उभा. बंडी काढलेली. पाठीवर आमचं आडनाव, पाडवी. चौथ्या पंचानं आकड्यांची पाटी वर केली, आणि आमचा गोकुळ हिरवळीला हात लावून, तो हात कपाळाला लावून आत धावला.

मी पुढे सरकले. फोन हातात घेतला की चित्र अडकतं, म्हणून वाकून बघत होते. तो चांगला पळत होता. एकदा त्यानं समोरच्याकडून चेंडू असा काढून घेतला, की बा असता तर खांबावर थाप मारली असती. मी थाप मारली नाही, पण माझा हात काहीतरी करत होता. आणि तोंडही. चेंडू बाहेर गेला, खेळ क्षणभर थांबला, तेव्हा मी हाताकडे पाहिलं. हातात काकडीचं देठ होतं. एवढंसं, बोटाच्या पेराएवढं. बाकीची काकडी माझ्या पोटात.

तिची चव कशी होती हेही मला सांगता येणार नाही.

मी देवभोळी नाही. मी वजनाचे तक्ते भरते, डोसाच्या दिवशी आयांना घरातून ओढून आणते, ताप आला तर आधी दवाखाना असं सगळ्यांना सांगते. तरी मी ते देठ मुठीत घट्ट धरलं, कुणी बघतंय का म्हणून चारी बाजूंना पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळले, तर गोकुळ खाली पडला होता. कुणी धक्का दिला नव्हता. जवळपास कुणी नव्हतंच. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता, मग बसला, मग आडवा झाला. अकरा मिनिटं खेळला होता. दोघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले असं समालोचक म्हणाला आणि पुढच्या क्षणी त्याच्याविषयी विसरून गेला.

मी खाली उतरले. देठ पायानं मातीत दाबलं. घरी आले. माय ओट्यावर.

"दिखना का?"

"दिखना. खेळना."

पडल्याचं न सांगता मी तिच्याशेजारी टेकले. माझ्या ओढणीला काहीतरी चिकटलं होतं. मायनं ते नखानं काढून तळहातावर घेतलं. काकडीचं बी. तिनं ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओट्याखाली टाकून दिलं.  तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मी माळ्याकडे निघालेच होते, बांधावर थांबले. बा बसला होता तोच बांध. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"पाय कसा शे?"

"बरा शे. डाक्टर म्हनना, पायले काही नही व्हयेल. पोटमां काही जास नही म्हने तुन्हा, पाय कसा चालतीन. वजन चार किलो उतरनं, ताई."

"काबर? जेवत नही का?"

  सात सेकंद झाले असतील, अकरा झाले असतील. मग माझ्या तोंडातून ते आपोआप आलं.

"गोकुळ, मी काकडी खाई टाकी."

"कव्हय?"

"काल. तू मैदानमां उतरना तव्हय. माले समजनंच नही. आख्खी खाई टाकी."

 मग तो हसायला लागला. हसत राहिला, इतका की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मला वाटलं, याचंही डोकं चाललं.

"हसस काबर?"

"ताई, माले आठे काकडीनी अॅलर्जी शे."

"तुले? कव्हयपासून?"

"जुलैपासून. आठली आहारवाली बाई शे ना, तिनी लिखी टाकं. ताटमां रोज काकडी ऱ्हास. मी रोज काढी ठेवस. ती इचारे, काबर नही खात? काय सांगू तिले? मान हालाई दिनी. तिनी लिखं, अॅलर्जी. मंग मी मका नही खादा, तेबी लिखं. मंग भाजी. आते कोनती नवी, कोनती जुनी, माले कसं समजी? आचारीले इचारं ते तो म्हने फ्रीजमाईन येस. म्हनून मी भाजीच सोडी दिनी. भात, डाळ, अंडा. दोन महिना व्हयनात. तिनी मन्हा नावनी वेगळी चिठ्ठी लाई ठेयेल शे सयपाकघरमां."

मी बांधावर बसले.

"सांगनं व्हतं ना त्यासले," मी म्हटलं. "नवाईनं सांगतास."

"काय सांगू? मन्हा बापनं नाव लेवानं बाकी शे, असं सांगू?" त्याचा आवाज एकदम बदलला. "माले ते अजूनबी वाटस, मी फोन करसू ना घर, ते तो उचली."

 समोर आमचा मका उभा होता, पानं वाळून खडखडत होती.

"माले सांगतास," मी शेवटी म्हटलं.

"तू इचारं कथं? जेवना का, इचारस. जेवनू, सांगस मी."

राष्ट्रीय संघाचे सामने असल्यामुळे पुढचे दहा दिवस लीग बंद होती. प्रशिक्षकानं त्याला घरी जाऊन खाऊन ये म्हणून पाच दिवस दिले होते. त्याची गाडी संध्याकाळची होती.

फोन ठेवल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा काढला. वाजंत्री, अंगठे, आणि टेबलाच्या टोकाला तो. थांबवलं. पाच चकत्या ताटाच्या अगदी कडेला, एकीला एक लावून नीट ओळीत. सहा वर्षं मी अंगणवाडीत मुलांना वाढते. नको असलेला वाटाणा मुलं ताटाच्या कडेला अशीच लावून ठेवतात, रोज बघते, रोज ओरडते. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला हे दिसायला हवं होतं. मायनं तर व्हिडिओ पाहिलासुद्धा नव्हता. मला माझी लाज वाटली. वाटली हे नक्की, कारण कान गरम झाले होते, आणि बऱ्याच दिवसांत माझ्या अंगाला असं काही झालं नव्हतं.

मंगळवारी दुपारी तो म्हसावदच्या फाट्यावर उतरून चालत आला. गालाची हाडं वर आलेली. माय ओट्यावरून उठली नाही, पण तिनं त्याचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं, आम्ही मुलांचे दंड मोजतो तसं. त्या दिवशी आम्ही तिघांनी गेल्या वर्षीच्या मक्याची भाकर आणि डाळ खाल्ली. एक दिवसासाठी काय घाई, असं तोच म्हणाला.

बुधवारी सकाळी पुजारा रामसिंग आला, काका आला, सरलाबाई आली, आणि दारात शेजारपाजारचे. गोकुळनं सकाळीच शेतात जाऊन पाच कणसं आणि माळ्याच्या वेलावरची एक मोठी काकडी आणली. घरातल्या मधल्या खांबाशी सारवलेल्या जागेवर सागाची पानं मांडली. त्यावर दाणे, काकडीच्या फोडी, शेंगा. मोहाच्या दारूचं भांडं त्याच्या हातात. एक नाव घ्यायचं, एक थेंब सांडायचा. मी मागे भिंतीशी बसले होते. जिनं आधीच खाल्लं ती पुढे कशाला बसेल?

"भाव्या," गोकुळ म्हणाला. थेंब. "खुमान." थेंब. ही नावं आम्ही लहानपणापासून बाच्या तोंडून ऐकलेली, दर वर्षी, याच खांबाशी. "नुऱ्या." हा आमचा आजा. थेंब.

मग तो थांबला.

कोंबडी दारातून आत आली आणि कुणीतरी तिला पायानं बाहेर लोटली.  काकानं तोंड उघडलं, बहुतेक तोच म्हणणार होता, पण मायनं हात वर केला आणि काका मिटला.

"बा..." गोकुळ म्हणाला.

"नाव ले, बेटा," रामसिंग हळू म्हणाला. "बा ते समदासना ऱ्हास. नाव नही लिनं ते त्याले कसं समजी?"

गोकुळनं भांडं दोन्ही हातांत धरलं.

"बाज्या," तो म्हणाला. मोठ्यानं. बाहेरून हाक मारावी तसं.

आणि आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ठरवून नाही. मी पाहिलं, काकानं पाहिलं, गोकुळनं मान वळवली, रामसिंगनंसुद्धा. मायनं तर सगळ्यांच्या आधी. दारात माणसं उभी होती, त्यांनी मागे वळून अंगणाकडे पाहिलं. सगळे थांबलो होतो. ऊन होतं, कोंबडी होती. "उनू" कुणी म्हटलं नाही.

थेंब पडला.

मग मला रडू आलं. हळू वगैरे नाही. पोटातून, तोंड उघडं टाकून, मुलं डोस टोचल्यावर रडतात तसं. सरलाबाईनं माझं डोकं धरलं. तिच्या खांद्याआडून मला दिसलं की गोकुळ खांबाला कपाळ लावून उभा आहे आणि त्याची पाठ हलते आहे. तो आमचा बाप होता आणि तो मेला होता. आषाढात मेला होता आणि मला ते आज कळत होतं.

बऱ्याच वेळानं गोकुळनं पानावरच्या फोडी वाटल्या. आधी मायला. मग काकाला. मग माझ्यासमोर येऊन बसला.

"मी खाई लियेल शे," मी म्हटलं.

"ती गनतीमां नही," तो म्हणाला, आणि फोड माझ्या हातावर ठेवली.

ती कडू होती. जहर कडू. बा काकडीचं टोक कापून त्याच टोकानं तोंडाला घासायचा, फेस निघेपर्यंत, मग फोडी करायचा. गोकुळनं तसं केलं नव्हतं. त्याला ते माहीत नव्हतं, किंवा आठवलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. काकाचं तोंड वाकडं झालं. कुणी थुंकलं नाही. मी चावून चावून गिळली. गोकुळनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग पानावर उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या.

"कडू शे, माय," तो तोंड पुसत म्हणाला. "आखो शे का?"

"थांब," माय म्हणाली. "दुसरी लई येस."

आणि ती उठली. गुडघ्यावर हात दाबून, खांबाला धरून, आपली आपण उठली. दाराशी गेल्यावर ती क्षणभर उंबऱ्यावर थांबली, कुणाला तरी वाट द्यावी तशी एका बाजूला सरकली. मग पदर खोचून शेताकडे निघाली.